थोरला मल्हारराव होळकर : दोन आख्यायिकांचे परीक्षण

१. मराठी राज्याच्या विस्तारकाळी गावच्या काळीत राबणाऱ्या घराण्यांतून जे पुरुष निघाले व एकेका प्रांताच्या राजकारणाची सूत्रे हाती घेऊन बसले, त्यांत होळच्या मल्हारराव होळकराचे स्थान फार वरचे आहे. इ. स. १६९३ मध्ये नीरेकाठच्या एका धनगर शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा पुरुष १७६६ च्या मे महिन्याच्या २० तारखेस आलमपूर येथे वारला, तेव्हा माळव्याचा मोठा भाग त्याच्या अमलाखाली होता. आणि दिल्ली, अयोध्या, जयपूर व रोहिलखंड या चारही ठिकाणचे मुत्सद्दी त्याच्या हालचालींवर नजर ठेवून आपापले बेत आखीत असत. असा उत्कर्ष कसा घडला, हा प्रश्न तेव्हापासून आजवर प्रत्येक पिढीने विचारला आहे, व त्यास उत्तर म्हणून मुख्यतः दोन गोष्टी सांगण्यात आल्या आहेत. पहिली नागाची व दुसरी धोतरांची. या दोहोंचे प्रामाण्य किती, हे तपासणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२. गोष्टी सर्वश्रुत आहेत. म्हणून थोडक्यात सांगतो. लहानपणी मामाच्या गावी मेंढरे राखीत असता मल्हारी दुपारच्या वेळी रानात निजला, त्याच्या तोंडावर ऊन आले, तेव्हा एका नागाने फणा उभारून सावली धरली; हे पाहून मामाने जाणले की, हा मुलगा राज्य करणार, व त्याच्या हातची काठी काढून घेऊन त्यास घोडा दिला. ही झाली पहिली. दुसरी भाऊसाहेबांच्या बखरीतील. नजीबखान रोहिल्याचा समूळ उच्छेद करावा असा शिंद्यांचा बेत असता मल्हाररावाने त्यांस आडवे समजाविले की, उत्तरेत शत्रू उरला नाही तर पेशव्यांस आपली गरज उरणार नाही, व मग ते आपणांस धोतरे धुण्यास लावतील. पहिल्या गोष्टीने मल्हाररावाचा उदय सांगितला जातो. दुसरीने त्याचे राजकारण, आणि पर्यायाने पानिपतचा नाशही. शाळेच्या पुस्तकांपासून नाटकांपर्यंत दोन्ही गोष्टी इतक्या मुरल्या आहेत की, त्यांचा आधार विचारणे हेच पुष्कळांस विचित्र वाटते. परंतु दुसऱ्या गोष्टीने एका मनुष्यावर राष्ट्रद्रोहाचा आरोप येतो. असा आरोप अडीचशे वर्षे चालत आला असेल, तर त्याचा दस्तऐवज काय, हे विचारणे संशोधकाचे कर्तव्यच आहे.

३. परीक्षणास लागण्यापूर्वी मापाविषयी दोन शब्द. बखरी व कैफियती यांच्याविषयी आमच्यांत दोन टोकाची मते आहेत. एक पक्ष म्हणतो, जुने लोक उगाच लिहिणार नाहीत, सबब सर्व खरे. दुसरा म्हणतो, अस्सल समकालीन पत्राखेरीज सर्व बाजारगप्पा, सबब सर्व खोटे. आमच्या मते मीमांसकांनी वेदवाक्यांच्या बाबतीत जो विवेक केला, तो येथे फार उपयोगी पडतो. स्तुती अगर निंदा करणाऱ्या वाक्यास ते अर्थवाद म्हणतात व त्याचे तीन प्रकार मानतात. जे अन्य प्रमाणाशी विरुद्ध जाते, ते अक्षरशः न घेता केवळ गुणवर्णनपर समजावे, तो गुणवाद. जे अन्य प्रमाणाने आधीच सिद्ध आहे व येथे पुन्हा सांगितले आहे, तो अनुवाद. आणि ज्यास अन्य प्रमाणाचा विरोधही नाही व पाठिंबाही नाही, तो भूतार्थवाद. बाध येईपर्यंत तो ग्राह्य मानण्यास हरकत नाही. बखरीतील एकाच परिच्छेदात हे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदत असतात. म्हणून ग्रंथ घ्यावा की टाकावा हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रत्येक वाक्य कोणत्या प्रकारात पडते, हे ठरविणे हाच परीक्षणाचा मार्ग होय.

४. आता पहिली गोष्ट. ती आमच्यापर्यंत घराण्याच्या परंपरेतून आली आहे. या परंपरेचा मुख्य वाहक जी कैफियत, तिचे नावच तिचा स्वभाव सांगते. कैफियत म्हणजे हकीकत कशी घडली याचे निवेदन, आणि असे निवेदन बहुधा कोणापुढे तरी, काही हक्क सिद्ध करण्याकरिता केलेले असते. होळकरांची कैफियत कै. य. न. केळकर यांनी १९५४ मध्ये संपादून प्रसिद्ध केल्यापासून ती सर्वांस सुलभ झाली आहे. इंग्रजीत हीच परंपरा मालकमच्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात आढळते. तो ग्रंथ १८२३ चा. म्हणजे मल्हाररावाच्या बालपणानंतर सुमारे सव्वाशे वर्षांचा. शिवाय मालकम हा केवळ जिज्ञासू लेखक नव्हता. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेचा मोड झाला व ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. त्या दोन्ही प्रसंगी मालकम हजर होता. ज्या दरबाराशी त्याने नुकताच तह केला, त्याच्याच कारभाऱ्यांकडून त्यास घराण्याची हकीकत मिळणे क्रमप्राप्त होते. आणि पराभूत दरबाराने आपले मूळ दैवी संकेताने प्रकाशित करून सांगावे, हेही स्वाभाविकच आहे.

५. नागाने सावली धरण्याची कथा तर आपल्या देशात फार प्राचीन आहे. बुद्धावर मुचलिंद नागाने फणा धरला. पार्श्वनाथाच्या मस्तकावर नागफणांचे छत्र असते. वसुदेव बाळकृष्णास घेऊन यमुनेतून जात असता शेषाने पावसापासून त्याचे रक्षण केले. ज्याच्या हातून मोठे कार्य व्हावयाचे, त्यास निसर्गाने आधीच ओळखले, हा या कथांचा अर्थ. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राजचिन्हातही नाग आहेत. तेव्हा होळकरांच्या कथेतील नाग हा स्पष्टपणे गुणवाद होय, व तो तेवढाच समजून बाजूस ठेवावा. परंतु बाजूस ठेवताना त्याच गोष्टीतील इतर अंश सोबत फेकून देऊ नयेत; कारण नाग काढून घेतल्यावर जे उरते, तेच मोलाचे आहे.

६. काय उरते? बाप खंडोजी नीरेकाठच्या होळ गावी शेती करणारा, आणि जातीने धनगर. मुलगा लहान असताच बाप वारला. भाऊबंदांशी पटेना म्हणून आई मुलास घेऊन खानदेशात तळोदे येथे (आजच्या नंदुरबार जिल्ह्यात) भावाकडे गेली. भावाची थोडी जमीन होती, व कंठाजी कदम बांडे याच्या वतीने तो काही घोडी बाळगून होता. मुलगा त्या पथकात शिरला. पुढे मामाचीच मुलगी गौतमाबाई त्यास दिली. मामाचे नाव मालकमने नारायणजी दिले आहे, तर घराण्याच्या परंपरेत भोजराज बारगळ असे येते. नावात असा भेद असूनही मामाचे गाव, त्याची पागा व बांड्यांशी असलेला संबंध, यांत दोघांचे ऐकमत्य आहे. दोन साक्षीदार तपशिलात भांडतात व मूळ गोष्टीत मिळतात, तेव्हा ते पढविलेले नाहीत असे न्यायालयातही मानतात. एका परंपरेत खंडोजीस होळचा चौगुला म्हटलेले आढळते. ते खरे असल्यास हे घराणे निव्वळ भटक्या मेंढपाळांचे नसून गावगाड्यात लहानसे का होईना वतन असलेले ठरते, आणि मग काठी ते सिंहासन ही उडी आणखी आखूड होते.

७. या ठिकाणी भूगोलाकडे लक्ष द्यावे, असे आम्ही वाचकांस सुचवितो. नीरेचे खोरे सोडून मुलगा तापीच्या खोऱ्यात आला, याचा अर्थ तो मराठी फौजांच्या हमरस्त्यावर येऊन बसला. गुजरातेत उतरावयाचे किंवा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरावयाचे, तर खानदेशावाचून वाट नाही. कंठाजी कदम बांडे हा गुजरातच्या चौथाईवर नजर ठेवणारा सरदार. त्याच्या पथकात वाढलेल्या पोरास नर्मदेचे उतार, घाटांच्या वाटा, कोणत्या महालात दाणाचारा मिळतो व कोणता जमीनदार फितूर होण्यासारखा आहे, ही विद्या घरबसल्या मिळाली. बाजीराव पेशव्याने उत्तरेकडे तोंड वळविले, तेव्हा त्यास नेमके असेच माणूस पाहिजे होते. मामाने भाच्याच्या हाती लगाम दिला तो नाग पाहून की हात पाहून, हे कोणीही सांगू शकणार नाही. पण तळोद्याच्या पागेत शिकलेल्यास माळव्याची वाट ठाऊक असणे यास दैवी संकेत लागत नाही.

८. याच परंपरेत आणखी एक लहानशी बाब आहे, ती आम्हांस फार विश्वसनीय वाटते. होळकरांचे लाल व पांढऱ्या पट्ट्यांचे त्रिकोणी निशाण हे मूळचे बांड्यांचे. पेशव्यांच्या चाकरीत गेल्यावरही जुन्या धन्याची आठवण म्हणून मल्हाररावाने ते चालविले, असे मालकम सांगतो. या गोष्टीने घराण्याचे मोठेपण वाढत नाही. उलट आपण एके काळी दुसऱ्याचे चाकर होतो, याची ती कबुली आहे. घराण्याच्या तोंडून निघालेली जी गोष्ट घराण्यास भूषणावह नाही, ती बनविलेली असण्याचा संभव कमी. हा आमच्या वर्गीकरणातील भूतार्थवाद. बाध येईपर्यंत तो ग्राह्य.

९. सनदांविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. १७२८ मध्ये नर्मदेच्या उत्तरेकडील बारा महाल व १७३१ मध्ये आणखी सत्तर महाल मिळाले, हे मालकमचे आकडे सर्वत्र उद्धृत होतात. हे महाल म्हणजे जिंकलेला मुलूख नव्हे. जिंकून वसूल करावयाचा हक्क होय. आंबी कापावी त्याप्रमाणे पेशव्यांनी माळवा कागदावर कापून शिंदे, होळकर व पवार यांस फोडी वाटल्या, आणि ज्याने त्याने आपली फोड मोगल सुभेदाराच्या तोंडातून काढून घ्यावयाची, असा तो प्रकार होता. सुभेदार गिरिधरबहादूर व त्याचा नातलग दयाबहादूर यांच्या मृत्यूंविषयी जुन्या ग्रंथांत दोन निरनिराळ्या लढाया दिल्या असून दयाबहादुराचा अंत तिरल्याच्या लढाईत दाखविला आहे. पेशवे दप्तरातील निवडक कागद १९३० नंतर पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध झाले, तेव्हा समकालीन पत्रांवरून सिद्ध झाले की, २९ नोव्हेंबर १७२८ रोजी आमझेऱ्याच्या एकाच लढाईत, चिमाजी आप्पाच्या सेनापतित्वाखाली, दोघेही पडले. शंभर वर्षे मान्य असलेली लढाई एका रुमालाने कशी पुसली, याचा हा उत्तम दाखला आहे. आकड्यांच्या बाबतीतही असा रुमाल कोठेतरी पडून असेल, ही शक्यता विसरू नये.

१०. आता दुसरी गोष्ट, जी अधिक गंभीर आहे. धोतरांचे वाक्य तपासताना आम्ही तीन प्रश्न विचारतो. ते कोणी ऐकले? केव्हा लिहिले? आणि अन्यत्र त्यास आधार आहे काय?

११. ऐकणारे कोण, हे बखरकारच सांगतो. हा सल्ला शिंद्यांस, म्हणजे दत्ताजी व जनकोजी यांस, एकांतात दिलेला आहे. यांपैकी दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडीच्या घाटावर पडला. जनकोजी १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पकडला जाऊन मारला गेला. बखरीत पानिपतचे वर्णन आहे. अर्थात ती त्यानंतर लिहिली. म्हणजे लेखणी कागदास लागली तेव्हा ज्यांच्या कानी ते शब्द पडले, ते दोघेही हयात नव्हते. आणि ज्याच्या तोंडचे म्हणून ते दिले आहेत, तो स्वतःच्या विरुद्ध साक्ष देण्यास बखरकाराकडे गेला असेल, हे संभवत नाही. राहता राहिले हुजरे व खिदमतगार. त्यांनी ऐकून छावणीत पसरविले असेल, हे शक्य आहे. पण मग ती साक्ष छावणीच्या बोलण्याची झाली, मल्हाररावाच्या बोलण्याची नव्हे.

१२. बखरीची शैलीही विचारात घ्यावी. हा ग्रंथ मराठी गद्याचे भूषण आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु त्याचे भूषण ज्यात आहे, तेच त्याच्या साक्षीचे दूषण आहे. त्यातील पेशवे, सरदार, रोहिले, दुराणी, सर्व एकाच ठसकेबाज भाषेत बोलतात. प्रत्येकाच्या तोंडी म्हणी, उपमा व टोमणे खळाळत असतात. नाटककार पात्रांस बोलवितो तसे बखरकार आपल्या पुरुषांस बोलवितो. पात्राच्या मनात काय असावे असे त्यास वाटले, ते तो त्याच्या जिभेवर ठेवतो. शिवाय त्याचे प्रेम शिंद्यांच्या घराण्यावर आहे, हे कोणत्याही वाचकाच्या ध्यानी येते. आणि शिंदे व होळकर यांची चुरस जयपूरच्या गादीच्या भांडणापासूनची. दत्ताजीच्या बलिदानाचे दुःख ज्याच्या मनात ताजे आहे, त्याने नजीबखानास वाचविणाऱ्यावर राग धरावा हे मानवी आहे. पण राग म्हणजे पुरावा नव्हे.

१३. तिसरा प्रश्न आधाराचा. येथे कृती व हेतू यांची फारकत करणे अवश्य आहे. मल्हाररावाने नजीबखानाचा बचाव केला, ही कृती समकालीन पत्रव्यवहाराने सिद्ध आहे. १७५७ च्या पावसाळ्यात रघुनाथरावाने दिल्लीस नजीबास कोंडले असता मल्हाररावाच्या मध्यस्थीनेच तो सुटून आपल्या जहागिरीकडे गेला. या अंशापुरती बखर अनुवाद करते, व आम्ही ते निःशंक मान्य करतो. परंतु हेतूचे काय? १८९८ मध्ये राजवाड्यांनी आपल्या पहिल्या खंडात १७५० ते १७६१ या काळाची जी पत्रे छापली, ती व पेशवे दप्तरातील पत्रे मिळून या काळाची साधने विपुल आहेत. त्यांत सरदारांच्या कुरबुरी आहेत, कर्जाच्या विवंचना आहेत, परस्परांवरील संशय आहेत. मल्हाररावावर नजीबाचा पक्षपाती म्हणून ठपकाही आहे. पण पेशव्यांच्या घरी धोतरे धुण्याची भीती हा हेतू बखरीच्या बाहेर कोठे समकालीन लेखात आमच्या पाहण्यात नाही. आणखी असे की, नजीबाची सुटका १७५७ ची, व शिंद्यांस दिलेला सल्ला त्यानंतरचा. मागाहून बोललेले वाक्य आधीच्या कृतीचे कारण म्हणून दाखविणे, हा बखरीच्या वाचकांचा दोष आहे. बखरकारानेही तितके म्हटलेले नाही.

१४. मग मल्हाररावाने हे का केले? हेतू निश्चित सांगणे इतिहासकाराच्या अधिकाराबाहेरचे आहे; परंतु एका मनुष्याच्या तीस वर्षांच्या कृती एका ओळीत मांडल्या तर त्यांतून त्याची रीत दिसते. १७४३ मध्ये सवाई जयसिंग वारल्यावर जयपूरच्या गादीवर ईश्वरीसिंग बसला. मल्हाररावाने माधोसिंगाचा, म्हणजे गादीबाहेर असलेल्याचा, पक्ष धरला. १७५२ मध्ये वजीर सफदरजंग संकटात असता त्याच्याशी करार झाला, त्यात मल्हारराव व जयाप्पा शिंदे हे प्रमुख होते. १७५७ मध्ये वजीर गाजीउद्दीन दिल्लीत प्रबळ झाला, तेव्हा त्याचा प्रतिस्पर्धी नजीब यास जिवंत ठेवले. प्रत्येक वेळी जो बलवान त्यास पेच म्हणून दुसरा उभा राहू द्यावयाचा, हेच तत्त्व दिसते. अर्थशास्त्रातील मंडलविचार मल्हाररावाने वाचला नव्हता. पण गावात पाटील व देशमुख यांच्या भांडणात ज्यांचा निभाव लागला, अशा घरच्या माणसास तो वाचावा लागत नाही. जोडीस दुसरी बाब पैशाची. फौजेचा खर्च सरंजामात भागत नसे. बाकी खंडणीतून काढावी लागे. आणि खंडणी देणारे पक्ष अनेक असतील तरच ती मिळते. सारे राजकारण या हिशेबावर उभे होते. अटकेपर्यंतची स्वारी करूनही रघुनाथराव कर्ज घेऊनच परतला, हे विसरता येत नाही.

१५. एवढे म्हणण्याने आम्ही मल्हाररावाचे वकीलपत्र घेतले, असे कोणी समजू नये. त्याच्या रीतीचे दुष्परिणाम त्यास व राज्यास भोगावे लागले. ज्या माधोसिंगास त्याने गादीवर आणले, त्याच्याच राजधानीत १७५१ च्या जानेवारीत मराठी माणसांची कत्तल झाली. ज्या नजीबास वाचविले, त्याने अब्दालीस साथ दिली व पुढे शुजाउद्दौल्यासही त्याच्या बाजूस वळविले. दत्ताजी पडल्यावर दोनच महिन्यांत सिकंदराबादेजवळ खुद्द मल्हाररावाच्या फौजेवर दुराणी सरदाराने छापा घालून तिची वाताहत केली. पेरले ते उगवले, असे शेतकऱ्याच्या मुलास सांगावे लागू नये. तो चुकला, हे आम्ही म्हणतो. फार मोठा चुकला, असेही म्हणतो. तो फितुरीने वागला, हे म्हणण्यास मात्र आमच्याजवळ कागद नाही.

१६. पानिपतची गोष्टही याच न्यायाने पाहावी. मल्हारराव आपल्या पथकांसह रणांगणातून निघून गेला, हे सिद्ध आहे. उघड्या मैदानात तोफांच्या आश्रयाने लढण्याच्या बेतास तो अनुकूल नव्हता, व जुन्या गनिमी पद्धतीवर त्याची भिस्त होती, हेही प्रसिद्ध आहे. या दोन सिद्ध गोष्टींमध्ये फितुरीचा सांधा बखरीने व लोकापवादाने घातला. पण त्याच वर्षाच्या अखेरीस काय घडले, ते कोणी सांगत नाही. पानिपतनंतर उत्तरेत मराठी अंमल उठला असे समजून माधोसिंगाची जयपुरी फौज कोट्याच्या मुलुखात उतरली असता, नोव्हेंबर १७६१ मध्ये मांगरोळ येथे मल्हाररावाने तिचा पराभव केला. त्या वेळी त्याचे वय अडुसष्ट होते. पुत्र खंडेराव सात वर्षांपूर्वी, मार्च १७५४ मध्ये, कुंभेरीच्या वेढ्यात तोफगोळ्याने पडला होता. पानिपताहून परतलेली पथके नसती, तर मांगरोळास लढावयास कोण होते? पळाला म्हणून माळवा राहिला, असा उलटा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. एवढेच म्हणतो की, हिशेबाच्या वहीत नावे लिहिताना जमाही लिहावी.

१७. आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एक स्तुतीची, एक निंदेची; एक घराण्याची, एक प्रतिपक्षाची. वरवर त्या परस्परविरुद्ध आहेत. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे : शेतात जन्मलेला मनुष्य आपल्या बुद्धीने राजकारण करू शकत नाही. स्तुती करणाऱ्यास त्याचा उदय पटवून देण्याकरिता नाग आणावा लागला, आणि निंदा करणाऱ्यास त्याचे धोरण समजावून देण्याकरिता हलक्या कामाची भीती आणावी लागली. राणोजी शिंद्याविषयी हीच रीत आढळते. कण्हेरखेडची पाटीलकी ज्याच्या घरात, त्यास पेशव्यांचे जोडे उराशी धरून निजविल्याखेरीज कथाकारास चैन पडली नाही. जन्मावरून माणसाचा हेतू ठरविण्याची ही खोड जितकी जुनी, तितकीच हट्टी आहे. आणि संशोधनाच्या लेखांतही ती न कळत शिरते, म्हणून तिचा उल्लेख येथे स्पष्टपणे केला.

१८. या लोकांस स्वतःस आपल्या मुळाविषयी काय वाटत होते, याचा पुरावा कथांत न शोधता त्यांच्या शिक्क्यांत शोधावा. मल्हाररावाच्या शिक्क्यात तो स्वतःस म्हाळसाकांताच्या चरणी तत्पर, खंडोजीचा पुत्र, मल्हारजी होळकर म्हणवितो. जेजुरीचा देव, शेतकरी बाप, आणि होळ हे गाव, बस, एवढेच. सूर्यवंश नाही, चंद्रवंश नाही, नागही नाही. शिक्के ठरावीक वळणाचे असतात हे खरे; पण ठरावीक वळणातही कोणते नाव खोदवावयाचे हे धनी ठरवितो. महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहास हाती खेळवीत असताही पाटील म्हणवून घेण्यात भूषण मानी, हे सर्वांस ठाऊक आहे. ज्या गोष्टीची त्यांस लाज नव्हती, तिची लाज त्यांच्या चरित्रकारांनी का बाळगावी?

१९. शेवटी आमच्या संग्राहक मित्रांस विनंती. बखर हाती लागली की ती रेशमात गुंडाळली जाते, आणि तिच्याच शेजारचा हिशेबी रुमाल रद्दीत जातो, हे आम्ही फार वेळा पाहिले आहे. मल्हाररावासारख्याचे खरे चरित्र ताळेबंदांत, वरातींत, कर्जरोख्यांत, सावकारांच्या चिठ्ठ्यांत व गावच्या महजरांत आहे. होळ, तळोदे व नीरेच्या आसपासच्या गावांत जुन्या वतनदारांकडे असे कागद असल्यास त्यांची नुसती यादी झाली तरी मोठे काम होईल. रुमाल सोडताना कागदांचा क्रम मोडू नये, बांधणीच्या कापडावरील नोंद उतरून घ्यावी, व शक्य तर जागच्या जागी छायाचित्रे घ्यावीत. कोणता कागद कोणत्या कागदाखाली होता, हीही एक साक्षच असते.

२०. भाऊसाहेबांच्या बखरीच्या हस्तलिखित प्रती ज्यांच्या संग्रही आहेत, त्यांस आणखी एक विनंती. आपापल्या प्रतीतील शिंदे-होळकर संवादाचा तेवढा भाग अक्षरशः उतरून, प्रतीचा शक, लेखकाचे नाव व अखेरची पुष्पिका यांसह, मंडळाकडे पाठवावा. धोतरांचे वाक्य सर्व प्रतींत सारखेच आहे, की प्रतीगणिक ते वाढत गेले आहे, हे पाठ शेजारी शेजारी मांडल्याखेरीज कळणार नाही. सर्व प्रतींत ते एकरूप आढळले, तर ते मूळ बखरकाराचे ठरेल, व वर दिलेले आक्षेप त्याच्यापुरते राहतील. जुन्या प्रतींत ते नसले अगर सौम्य असले, तर हा आरोप कोणा नकलनविसाच्या लेखणीतून निघाला, हेही उजेडात येईल. दोहोंपैकी जे निघेल ते छापावे. आरोप खरा ठरो वा खोटा, तो कागदावर ठरावा, एवढेच आमचे म्हणणे.